जार पडायच्या आधी

येळवशीच्या आदल्या रात्री
वलांडीच्या अलीकडं, बिरादारांच्या आखाड्यावर
शेवरी व्याली.
मी पोचलो तेव्हा वासरू
ओल्या पोत्यासारखं कडब्यावर,
आणि शेवरी त्याला चाटत होती
एकही जागा न सोडता.

नागरबाई म्हणल्या,
"जार पडल्याबिगर थानाला तोंड लावू द्यायचं नाही.
जार अडतो. आमच्यात असंच हाय."
मी काही बोललो नाही.
बेंबीला आयोडीन लावलं,
घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस.

एकतीस वर्षं दवाखान्यात व्रणोपचारक,
म्हणजे पट्टी बांधणारा माणूस.
डॉक्टर बदलून गेले, मी तिथंच.
कुणापुढं किती बोलायचं
हे मला जनावरांनीच शिकवलं.

मोबाइलचा उजेड धरून शिवलीला उभी होती,
नागरबाईंची सून, सातवा सरत आलेला.
"सारखं घड्याळ का बघलालाव, काका?"

तिला सांगितलं ते असं:
पोरी, तुझ्या पोटातल्याला
तुझ्या अंगातली राखण आतूनच पोचतीय,
तुला न कळता.
लहानपणी तू सोसलेला गोवर
त्याला जन्माआधीच ऐकून माहीत असेल.
गाईचं तसं नाही.
तिच्या जाराला पदर फार,
रक्तातली राखण पलीकडं झिरपत नाही.
नऊ महिने वासरू आत वाढतं,
त्याचे स्वतःचे राखणदारही तयार होतात,
पण शेत न पाहिलेले.
फऱ्या कोण, घटसर्प कोण,
हगवण कुठल्या बांधावरून येते,
त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

ते सगळं चिकात.
हाळीच्या बाजारात शेवरीला लागलेली खुरकूत,
तेरूच्या डबक्यातलं पाणी,
मृगाच्या आधी मी टोचलेली सुई
(जिच्यापायी माझा गुडघा अजून दुखतो),
याच गोठ्यातली घाण, याच दाव्याचा वास,
सगळं साठवून, हळदीसारखं पिवळं करून
ठेवलंय तिनं चार थानांत.
आणि वासराच्या आतड्याला आज दारं आहेत, उघडी.
तासातासाला थोडी थोडी लोटली जातात.
उद्या या वेळेला कडी.
मग प्यायला तरी पोट भरेल,
रक्तात काही उतरणार नाही.

ती काहीच बोलली नाही.
नागरबाई आत गेल्या,
आंबिलीचं ताक बघायचं होतं,
भज्जीच्या तुरी सोलायच्या राहिल्या होत्या.
शिवलीला गुडघ्यावर बसली, पोट सांभाळत,
वासराचं तोंड उचलून थानाला लावलं.
सुटलं.
पुन्हा सुटलं.
मग शेपटी हलली.
अकराला पाच कमी.

जार पहाटे तीनला पडला, आपल्याआप.
नागरबाईंनी तो पुरला, वर धोंडा ठेवला,
आणि सुनेकडं नुसतं पाहिलं.
सडावरची लाळ
त्यांच्यापासून काय लपणार होती?

खरवस मात्र त्या वर्षी धरला नाही.
तिसऱ्या दिवसाचं दूध ते,
वाटीत ढिलं, कडेनं पाणी सुटलेलं.
गावात नावं ठेवली,
बिरादारांनी चीक बी विकला का काय.

माघात पुन्हा गेलो.
वासरू गव्हाणीची माती चाटत होतं,
थोडं हगतही होतं.
आईकडचं उसनं सरत आलेलं,
स्वतःचं अजून पुरतं साचलेलं नाही,
मधले हे आठवडे वाईटच.
एकेक घाण चाटून
ओळख करून घेत होतं बिचारं.

शिवलीला माहेरी गेलेली, औरादला.
नागरबाईंनी शेपटी उचलून दाखवली,
मी औषध मोजून दिलं.
निघताना म्हणल्या,
"बाणी बी गाभण हाय. फाल्गुनात येईल."
मग जरा थांबून, दुसरीकडं बघत,
"तवा तुमचं ते घड्याळ
हितंच ठिवून जा."