धुऱ्याच्या इकडचं

रातच्या अडीचला हात मुंग्यानं भरायचा.
खाटेखाली सोडायचा, झटकायचा
ओलं धुडकं झटकते तसा.
दयाराम झोपेतूनच विचारे, "आला का?"
जसं कोणी पावनं येते रोज.

भंडाऱ्याले सुई टोचून करंट लावला.
"मनगटात नस दबली बाई. काम काय करता?"
म्हटलं, लांब रोट्या. मडक्यावरच्या.
कणीक परातीत आपटायची, तार येतवर,
मंग दोन्ही हातावर झुलवायची कोपरापर्यंत,
पदर झाला की उलट्या मडक्यावर टाकायची.
"किती वर्षं?"
लग्न झालं तवापासून. एकोणतीस.
एका लग्नाच्या चारशे.
पुढचा गुणाकार डॉक्टरनं नाई केला.
तो मी केला, टेबलावर, दिव्याखाली,
पडद्याच्या तिकडे माहा हात
आन इकडे मी जागी.
नर्स चिवड्याच्या पोह्याचं बोलत होती.
पोहे भाजून झाले नाई तं हात शिवून झाला.

आंगठा, पह्यलं बोट, मधलं,
आन चौथं अर्धं : पेनानं दाखवलं त्यानं.
करंगळी दुसऱ्या नसेची.
चौथ्या बोटावर मधोमध निळी रेघ.
म्हटलं, हा तं धुरा झाला.
इकडचं आमचं, तिकडचं हटवाराचं.
डॉक्टरले समजलं नाई. नर्स हासली,
तिच्या घरी शेती असन.

चौदा दिवस हात कोरडा.
किराण्याची पिशवी, वरून रबर, मंग आंघोळ.
ब्लाउजचे हुक दयारामनं लावले,
दात-ओठ खाऊन, एक वर एक खाली.
एकोणतीस वर्षांत काढले असतीन,
लावले नव्हते कधी.

त्यातच मंडई आली. घरात सतरा पावनं.
प्रणाली बसली मडक्यापाशी, मी पाटावर,
हात उशीवर ठेवून, जीभ मोकळी.
असं नाई, वरून धर, सैल सोड, अवं सैल!
पह्यल्या तीन फाटल्या.
चौथीले रुपयाएवढं भोक.
तिचा मामा म्हने, खिडकीची रोटी, द्या इकडे.
पाचवीले मी चूप झाली.
पोरगी डाव्या हातानं फेकत होती.
माहं सगळं उजव्यानंच गेलं.
दुसरा हात होता ना माह्यापाशी.
तिले कोणी शिकवलं नव्हतं, म्हनून तिले दिसला.

टाके निघाले. तळहाताच्या मुळाशी
तांबडी रेघ, दाबली की ठणकते.
डॉक्टर म्हने रबरी बॉल दाबा.
बॉल कुठून आनू? कणकेचा गोळा घेतला.
करंगळीचा ठसा खोल,
बाकीचे लाजल्यावानी.
कणीक हळूहळू वर आली,
तिले कोणाची घाई नाई.

काल बटव्यात न पाहता हात घातला.
दोनाचा पातळ, पाचाचा जाड.
पाचाचा काढला, पाचाचाच निघाला.
दुकानदारानं माह्याकडे पाह्यलं,
एका पाचाले एवढं काय हासते बाई.
चौथ्या बोटाची आमच्याकडची पट्टी
अजून पडीत हाये.

राती डोळा उघडला. अडीच.
झटकाले हात खाली सोडला,
त्यात काहीच नव्हतं. गरम होता, झोपला होता.
दूर कुठं दंडारीची ढोलकी.
दयाराम म्हने, "आला का?"
नाई, म्हटलं. झोपा तुम्ही.
आन मी तशीच पडून राह्यली,
एवढ्या रातीचं काय करायचं
हे मले कोणी सांगितलंच नव्हतं.