उणे पाच

खानापूरच्या कॉलेजात, वरच्या मजल्यावर,
जिथं खिडकीतून कौलांच्या भट्टीचा धूर दिसतो,
सुनंदा घाडीनं फळ्यावरच्या तीन आकड्यांतला
शेवटचा निवडला.
"हे सगळ्यात जोरकस, सर. सहा पूर्णांक दोन."
बाकीचे दोन्ही एक पूर्णांक आठ.
बाजारात तसंच असतं.

म्हटलं, दहाच्या खांद्यावर बघ की,
बारीक अक्षरात उणे बसलाय.
उणे चार. उणे पाच. उणे दहा.
उणे जितका खोल, तितकी मूठ घट्ट.
आम्लाचा जोर म्हणजे मूठ सोडणं,
आपल्यातला प्रोटॉन पाण्याला देऊन टाकणं.

उणे चार तू ओळखतेस:
जांबोटीकडं काजूच्या फांदीवरनं
तांबड्या मुंग्या मानेत उतरतात, तेव्हा झोंबतं ते.
उणे पाच म्हणजे व्हिनेगर, स्टँडवरच्या नूडल्सच्या गाड्याचं.
उणे दहाची बाटली आपल्या कपाटात नाही,
असूही नये.
तिघांत सगळ्यात सौम्य तेच, आणि एक घोट पुरे.
जोराचं खातं वेगळं, विषाचं वेगळं.
पुस्तकात ही ओळ नव्हती,
मला कळायला नोकरीची अकरा वर्षं गेली.

ती वर्गमूळ काढत बसली.
व्हिनेगरच्या हजारांतले तेरा फुटलेले,
तितक्याच पातळ मुंगीच्या आम्लात एक्केचाळीस-बेचाळीस.
"स्थिरांक दहापट, सर, आणि माणसं तिप्पटच?"
माणसं म्हणाली ती.
मी दुरुस्त केलं नाही.
तिचा भाऊ वेर्ण्याच्या कारखान्यात आहे.
गणपतीला चौघं गावात परततात,
दसऱ्याच्या आत दुसरे चौघं निघतात,
बाहेरचा आकडा तेराच,
चेहरे तेवढे बदललेले.

मग म्हणाली, शाळेत आम्ही 'सौम्य' शिकलो,
कन्नड शाळेतली गंगव्वा 'दुर्बल' म्हणते,
पेपर इंग्रजीत.
एकाच बाटलीला
तिकडं ताकद नाही,
इकडं स्वभाव चांगला.
समजायचं कशात?

मी ब्युरेट तिच्या हातात दिली.
थेंब, थेंब, मग हात सैल सुटला
आणि फ्लास्क गुलाबी, जरा जास्तच.
पंचवीस पूर्णांक दोन.
शेजारच्या बेंचवर बिर्जेचं हायड्रोक्लोरिक, तितक्याच संहतीचं,
एका दमात सगळं सोडणारं,
तेही पंचवीसवरच थांबलेलं.
सोडा मागत गेला, मूठ उघडत गेली,
शेवटच्या प्रोटॉनपर्यंत.

ती दोन्ही वाचनं परत परत बघत राहिली.
"काय बघुलालीस?" बिर्जे म्हणाला. "तुझं चुकलंय, माझं बरोबर."
तिनं आकडा खोडला नाही.
पाच-दहाची नंदगड गाडी लागली होती,
हाताला व्हिनेगरचा वास तसाच घेऊन
ती जिना उतरली.
फळ्यावर उणे दहा राहिला.
मला डस्टर सापडेना.