डावा हात

रावपुऱ्यात चष्म्यांच्या दुकानावर एक खोली आहे.
तिथं मौलिक मला गिटार शिकवतो.
त्याचं वय चोवीस,
माझी नोकरीच एकतीस वर्षांची.

"अंगूठो ढीलो राखो, बेन."
ढिलाच आहे, मी म्हणते.
तो गिटारच्या मानेमागे,
माझ्या अंगठ्याखालून,
चष्म्याच्या दुकानाची एक पावती सरकवून बघतो.
सरकत नाही.

घरी तेच. बोटांच्या टोकांवर तारांचे चर,
मनगट ठणकतंय, आणि शाल्मली दारातून विचारते,
आई, एवढे दात आवळून
कुणाला मारायला निघालीस?

आज त्यानं वेगळंच करायला लावलं.
बोट तारेवर नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही,
आणि उजव्यानं छेडायचं.
थप्. ओल्या टॉवेलवर चमचा पडावा तसं.
आता जरासं. झर्रर्र, डब्यात अडकलेली माशी.
आणखी किंचित
आणि सूर.
इतक्या थोड्यात, की बोटाखाली तार आहे का
खात्री वाटू नये.
"बस. एनाथी वधारे नहीं.
पुढचा जोर तुमचा. तारेनं मागितलेला नाही."

मला हसूच आलं.
सयाजीच्या मेडिकल वॉर्डात
नवीन पोरी येतात, त्यांना मीच तर सांगते:
नाडी दाबायची नाही गं.
पापड वाळला का बघतो, तितकंच बोट लाव.
जास्त दाबलीस की हरवते,
मग पेशंट ठणठणीत
आणि घाम तुला.

पण ते उजव्या हाताला ठाऊक.
डाव्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
त्यानं धरायची ती सुईला घाबरलेली पोरं, दंडाला.
पॉवर गेली की टॉर्च.
स्टँड कमी पडले त्या वर्षी सलाइनची बाटली, उंच.
लिफ्ट बंद असली की जिन्यात
स्ट्रेचरचा मागचा कोपरा, वळणावर थांबून,
कुशीतल्या फायली न सांडता.
सोडलं तर काहीतरी पडेल
अशीच सगळी कामं.

मौलिकनं पुन्हा पावती घातली.
अंगठ्याखालून ती सरकली, आरपार गेली,
पंख्याच्या वाऱ्यानं जरा तरंगली
आणि जमिनीवर पडली.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

एफ अजून वाजत नाही.
दुसरी तार भणभणते.