अर्धी गोळी

पहिले आठ दिवस अर्धीच घ्या, डॉक्टरबाई म्हणाल्या.
म्हणून धागा कापायची कात्री घेतली,
गोळीवरच्या रेघेवर टेकवली, दाबली.
एक अर्धं उडून मशीनखाली गेलं.
गुडघ्यांवर बसून शोधलं
फॉलच्या चिंध्यांत, गळलेल्या टिकल्यांत.
कितीतरी महिन्यांनी
मला काहीतरी सापडायला हवं होतं.

दुसरं अर्धं बटणांच्या डबीत.
बीपीची गोळी टीव्हीजवळ उघडी पडलेली असते,
शुगरची फ्रिजच्या दारात, पाहुण्यांसमोर, मानानं.
हीच तेवढी बटणांत.

वडगावात माग रात्रीचेही चालतात.
भिंतीपलीकडच्या खटखटीत पंधरा वर्षं झोपले.
यंदा खटखट होती, झोप नव्हती,
आणि खुर्चीवर गिऱ्हाइकांच्या एकोणीस साड्या,
प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली,
प्रत्येकीचं लग्नकार्य उरकून गेलेलं.

नणंद म्हणाली, तुला काय कमी हाय गे?
खरंच काही कमी नव्हतं.
पोरगा पॉलिटेक्निकला, नळाला एक दिवसाआड पाणी,
भरमा पीत नाही, मारत नाही.
आणि मला अंथरुणातून न्हाणीपर्यंत जायला
दुपार लागत होती.

खडेबाजाराच्या मागं, दुसरा मजला, पाटी कानडीत.
जिन्यात भरमा वळून वळून बघत होता
ओळखीचं कुणी आहे का.
होतं. सोसायटीतला कारकून.
तोही आमच्याकडं बघत नव्हता.

हुक्केरी डॉक्टर मराठी बोलतात
तेव्हा शब्दाला शेवटी जरा टेकू देतात.
'बेजार होतंय?'
कानडीत बेजार म्हणजे मन खाली बसणं,
आमच्यात बेजार म्हणजे वैताग.
एकच शब्द, दोन घरांत नांदलेला.
मी त्यांच्यातला घेतला
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत रडले.

'जगू नये वाटतं काय?'
भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं त्यांनी.
मी तितक्याच सहज हो म्हटलं.
शेजारची खुर्ची कुरकुरली.
भरमाला हे ठाऊक नव्हतं.

पहिला आठवडा: तोंड कोरडं, जांभया, पोटात ढवळ,
हात असे थरथरायचे
की सुईत दोरा ओवायला भरमाला हाक.
तो ओवायचा. बोलायचा नाही.
उद्यमबागेतलं काळं तेल बोटांच्या रेषांत मुरलेलं,
पांढऱ्या दोऱ्याला डाग पडायचा.
मी तसाच वापरला,
कुणाच्या तरी साडीच्या आतल्या बाजूला तो आहे.

दुसरा आठवडा: काही नाही.
तिसरा: काही नाही,
पण आंघोळ.

मग एका पहाटे पलीकडचा माग थांबला.
धागा तुटला असणार कुठंतरी.
त्या शांततेनं मी दचकून जागी झाले,
आणि अंधारात बसून हिशेब केला:
जागी झाले,
म्हणजे झोपले होते.

आनंद वगैरे नाही आला.
सहा साड्या परत गेल्या. एक बाई भांडून गेली,
मीही भांडले, नंतर किती बरं वाटलं.

'हेंग अदीरी?' बाई आता आधी कानडीतच विचारतात.
'आराम,' मी म्हणते.
त्यांच्यात आराम म्हणजे बरी आहे.
आमच्यात, काम संपल्यावरचं टेकणं.
काम संपलेलं नाही.
वर्षभर तरी घ्यायची, बरं वाटलं म्हणून
आपल्या मनानं सोडायची नाही.

काल नणंद ब्लाउजचं बटण शोधायला आली.
डबी उघडली, बोटानं ढवळली, थांबली.
ते पहिलं अर्धं, कडा झिजलेलं, तिथंच राहिलं होतं.
'हे काय गे?'
'माझी गोळी.'
'कसली?'
'मनाची.'

मशीन चालवत राहिले. आता बोलेल, म्हटलं.
ती डबीतच बघत होती.
'झोप लागती काय गे त्यानं?'

गोळी दिली नाही. पत्ता दिला.
उद्या मीही येते म्हटलं, जिना जरा अंधारी आहे.
ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही,
एकेक बटण ब्लाउजवर ठेवून बघत राहिली.
रंग एकाचाही जुळत नव्हता.