वाचून दाखवा

बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला.
केळशीकर साहेब पत्र सांगतात,
मी लघुलिपीत उतरवून घेते.
"महोदय, आपल्या बारा तारखेच्या पत्रास अनुसरून,
अहो, कान गहाण टाकलेत का?
माल अद्याप गोदीतून सुटलेला नाही,
बिनडोक बाई, कुठून उचलून आणतात असल्यांना,
कळावे."

बावीस वर्षांचा हात. थांबत नाही.
लघुलिपीला फक्त आवाज कळतो:
'महोदय'ला एक बाक,
'बिनडोक'ला दोन रेघा नि एक टिंब.
दिसायला दोन्ही सारखीच नाजूक.

सुगंधा पाणी ठेवून जाते, खाली बघत.
अकाउंट्सचा पेडामकर पंख्याकडे बघतो.
दुपारी तिघं भेंडी वाटून खातो
आणि बोलतो भेंडीच्या भावाबद्दल.

परवा घरी दूध उतू गेलं,
तर निहारला मी काय म्हणाले
ते इथे लिहीत नाही.
शब्द माझा नव्हता.
आवाज होता.

आज पत्र सांगून होतंय, तेवढ्यात आयातदार आले,
बसले, चहा आला.
साहेब गोड हसून म्हणाले,
"हं, बाई, यांना वाचून दाखवा."

मी वही उघडली
आणि वाचलं. पहिल्यापासून. सगळं.
स्वल्पविरामही गाळला नाही.
स्वर तोच, पत्राचा:
"...सहकार्याची अपेक्षा आहे, हात आहेत की ओंडके,
आपला विश्वासू, केळशीकर."

पेडामकरच्या हातातला शिक्का हवेतच.
आयातदारांनी चष्मा पुसायला घेतला,
बराच वेळ पुसला.

मी पान उलटलं.
पेन्सिल थरथरत होती, ती पदराआड धरली.
विचारलं,
"प्रती किती काढू?"