एकाच खिळ्यावर

नागपाड्याच्या नाक्यावर आमचं दुकान म्हणजे
एक पत्रा, एक फळी, आरी, रापी, मेणाचा गोळा.
बाबा चपला शिवायचे पोटासाठी,
आणि बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज?
ते कशासाठी, आईने कधी विचारलं नाही.

दिवेलागणीला माणसं जमायची. वाद एकच, तीन वर्षं तोच:
ऑस्बर्ट रेबेलो आणि बाळकू शेलार
समोरासमोर आले तर?

येणार नव्हते. दोघांमध्ये सात किलोंचा काटा होता.
म्हणून तर वाद टिकला.

सोली मास्तर म्हणायचे, "रेबेलो! अरे, तो पाय टेकवतच नाही,
तापल्या तव्यावरचा पाण्याचा थेंब.
शेलार मारील तिथे तो मघाशी होता."

"मघाशी, मघाशी, किती वेळ मघाशी?"
विठू वेल्डर मांडीवर थाप मारी,
"रिंगला कोपरे चारच असतात, मास्तर,
आणि बाळकू भाडं थकलेल्या घरमालकासारखा
दारातच उभा राहतो.
एक बरगडीत बसली की नाच सोडा,
माणूस बापाचं नाव विसरतो."

"बसली तर!"
"बसतेच!"

मग उस्मानचाचा, एक गुडघा न वाकणारा,
फूटपाथवर रेबेलो व्हायचा,
विठू शेलार व्हायचा,
आणि कटिंगचा ग्लास
माझ्या वहीतल्या अपूर्णांकांवर आडवा.

"धोंडीराम, तू बोल. दोघांचं चामडं तुझ्या हातात."
बाबा दातातला दोरा न सोडता म्हणायचे, "हूं."

एकदा सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.
दोन्ही जोड्या एकाच खिळ्याला लटकत होत्या.
"हात घाल."
आत अजून ओल होती, आणि दुसऱ्याच्या बोटांची जागा.
मी अकराची. माझे हात त्यात हरवले.

रेबेलोचा डावा पेरांवर झिजलेला, रुपयाएवढा गोल.
उजवा कोरा. जवळजवळ दुकानातला वास.
शेलारचे पेरांवर धडधाकट,
फाटले होते ते मागून, मनगटापाशी,
जिथे माणूस स्वतःच्या तोंडापुढे हात धरतो तिथे.
"लोक म्हणतात हा मारतो," बाबा म्हणाले,
"हा खातो, पोरी. खात खात पुढे येतो."

रेबेलोला नऊ टाके पडले, शेलारला एकतीस.
पैसे दोघांचे सारखेच लावले, सव्वादोन.

सकाळी शेलार स्वतः आला न्यायला.
एवढा मोठा माणूस, पत्र्याखाली वाकून उभा,
"जेवलीस का गं?" मला विचारणारा.
आपली जोडी काढताना त्याचा हात थांबला.
दुसऱ्या जोडीच्या त्या गोलावर
त्याने अंगठा फिरवला, हळूच,
मग उजवा ग्लोव्ह उलटा केला, सुलटा केला.
"हा वापरतच नाही?"
बाबा म्हणाले, "हूं."
तो सुटे पैसे न घेता गेला.

त्यानंतर बाळकू शेलार डावा हात
बोटभर वर धरून लढू लागला.
समोर कोणीही असो, रेल्वेचा, पोलिसांतला,
त्याची नजर एका उजव्या हाताच्या वाटेवर,
जो तिथे नव्हताच.
बोटभरच. पण तेवढ्याने डावी बरगडी उघडी पडते.
आग्रीपाड्यात वीस वर्षांच्या एका पोराने
दुसऱ्याच राउंडला ती शोधली.

"संपला शेलार," सोली मास्तर म्हणाले.
"पोट बिघडलं होतं त्याचं," विठू म्हणाला,
आणि पुन्हा सुरू:
रेबेलो असता समोर तर?

बाबांनी मान वर केली नाही.
मी पाहिलं, आरी
एकाच भोकातून दोनदा गेली.

आता दुकान नाही. उस्मानचाचाचा नातू
भेटला की अजून तेच उकरून काढतो.
मी सांगते, रेबेलो. नॉकआउट.
तो हसतो: "कुठे झाली मग ही फाइट, खाला? कधी?"

मी म्हणते, हूं.