टेकामचा डावा अंगठा

बाटल्या मी नावानं नाही, रंगानं ओळखतो.
एकतीस वर्षं झाली. निळा तो मोरचूद,
नारिंगी ते डायक्रोमेट, त्याला उघडा हात लावायचा नाही,
आणि जांभळं हे परमँगनेट,
ज्याचे डाग माझ्या बोटांवरून
दिवाळीच्या उटण्यानंही निघत नाहीत.

एप्रिल. धंतोलीचं कॉलेज. कूलरमध्ये दोन बादल्या ओतून झाल्या,
बीएस्सीची पोरं अजून यायची होती.
भोयर मॅडम फळ्यावर मांडत होत्या:
अधिक एक, अधिक क्ष, उणे आठ, बरोबर शून्य.
मी म्हणलं, हे उणे आठ कोणाचे जी?

चार ऑक्सिजनचे, टेकामजी. दोन-दोन.
ऑक्सिजन ओढणारा. म्हणून भागीतले इलेक्ट्रॉन
सगळे त्याच्याच नावावर.
मग मँगनीजला?
अधिक सात.
सात भेटले त्याले?
नाही. सात गेले.

ब्युरेट हातात तशीच राहिली.
आमच्या पगारपत्रकात
सोसायटीचे गेले की उणे लिहितात.
मॅडम हसल्या. इलेक्ट्रॉनच मुळात उणा ना,
उणं गेलं की मागे अधिक दिसतं.
पण खरंच जातात का सात?
छे हो. थोडीफार ओढाताण होते, बस.
हा आपण मानलेला हिशेब.
मानला की समीकरण जुळतं.

मग म्हणाल्या, दाखवा बोटं.
जांभळं कातडीला लागलं की सातावरून चारावर उतरतं,
तोच हा तपकिरी डाग. मँगनीज डायऑक्साइड.
तुमच्या मनसरला खाणीतून निघतो ना, काळा दगड?
त्यातही बहुतेक हाच.

बाबा मनसरच्या खाणीत होते.
तळहाताच्या रेघांत काळं बसलेलं,
आई राखेनं घासायची, लिंबानं घासायची,
तरी भाकरीवर अंगठा उमटायचाच.
ते हात नको म्हणून मी रामटेकच्या एसटीत बसलो,
सीताबर्डीला उतरलो,
पांढरा कोट घातला.

मॅडमनी ऑक्झॅलिकचे थेंब टाकले उजव्या हातावर.
डाग विरघळला. साफ.
आता दोन, त्या म्हणाल्या. रंग नाही म्हणून दिसत नाही.
गेला नाही कुठं, धुवाल तेव्हा बेसिनमधून जाईल.
दुसरा हात द्या.

जिन्यात पोरांच्या चपला वाजत होत्या.
मी डावा अंगठा मुठीत घेतला.
हा चारावरच राहू द्या जी, म्हणलं,
आणि ब्युरेट भरायला घेतली.